धाडची दुसरी लाइन

१९६४ साल. चैत्रातला सोमवार. जागा, चिखलीचं टेलिफोन ऑफिस. यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही.

मी तिथे बोर्डावर बसायचे. बावीस वर्षांची, तात्पुरती नेमलेली.

चिखली ते धाड एकच लाइन होती. एकेका कॉलसाठी माणसं तासन्‌तास खोळंबायची. म्हणून त्याच खांबांवरून दुसरी तार ओढायला घेतली होती. दोन्ही मिळून काम करतील, एक तुटली तर दुसरी चालेल.

आमचे साहेब भगवंतराव सकाळीच म्हणाले, "कोकिळाबाई, पाचच्या आत दुसरी लाइन बोलली पाहिजे. नाही तर तुमच्या पक्क्या नोकरीचा कागद पुढे जाणार नाही."

तार काय मी ओढणार होते? पण ऐकतो कोण!

दिवसभर घंटीचा दांडा फिरवून मनगट भरून आलं. दुसरी लाइन मुकीच. पहिलीवर धाडचा ऑपरेटर शेषराव खेकसायचा, "काऊन जीव खाऊन राह्यल्या बाई? लाइनमन पुंजाजी खांबावरच आहे अजून. म्या का दातानं जोडू तार?"

साडेचारला बोर्डावर दुसऱ्या लाइनची झडप पडली, म्हणजे पलीकडून कॉल आला...

"हॅलो चिखली. धाडहून शेषराव बोलून राह्यलो."

आवाज त्याचाच. पण शांत. कधी नव्हे इतका.

मी साहेबांना ऐकवलं. त्यांनी खुशीत माझ्या कागदावर सही केली आणि घरी गेले.

मग पहिल्या लाइनची झडप पडली...

"बाई, आज काई जमत नाई. पुंजाजी उतरला खाली. तार खांबालेच गुंडाळून ठेवली."

"थट्टा करता का? आत्ताच तर बोललात दुसरीवर!"

"म्या? उन्हानं डोकं फिरलं का वो तुमचं?"

दुसऱ्या लाइनवर तोच आवाज अजून येत होता... "हॅलो चिखली..."

दिवसभराचा वैताग उसळला. म्हटलं, तुमचं तुम्हीच निस्तरा! बोर्डावरच्या जोडदोरीचं एक टोक पहिल्या लाइनीत खुपसलं, दुसरं दुसरीत. दोघांना एकमेकांशी जोडून दिलं आणि कानावरचं काढून ठेवलं.

पाच मिनिटांनी पुन्हा लावलं...

कोणी बोलत नव्हतं.

फक्त श्वास. एकाच माणसाचा, दोन्हीकडून.

दुसऱ्या दिवशी पुंजाजीने तार जोडली. पुढे नातवंडं पाहून तो चिखलीतच वारला. भगवंतरावांची अमरावतीला बदली झाली. तो आवाज ऐकल्याचं त्यांनी कधी नाकारलं नाही. मी त्याच सहीवर पक्की झाले, छत्तीस वर्षं नोकरी केली. कोणाच्या शब्दावर, ते आजही ठाऊक नाही.

शेषरावांनी त्याच आठवड्यात नोकरी सोडली. सोनाळ्याला जाऊन शेती केली. दहा वर्षांनी एका लग्नात दिसले. मी विचारलं, त्या दिवशी काय ऐकलं होतं?

घास हातातच राहिला त्यांचा.

"त्यानं मलेच इचारलं, तू कोन बे?" ते म्हणाले. "आन् बाई... मले सांगताच नाई आलं."