दोन खांबांच्या मधून

पंचवटीत काळारामाचा सोनेरी कळस.

मखमलाबादच्या वाटेवर झेंडूचा मळा. कळसाला हात जोडल्याशिवाय आक्काबाई पहिलं फूल खुडत नाही.

मळ्यासमोरच्या मोकळ्या प्लॉटवर चुन्याच्या फक्कीने आखलेला भलामोठा गोल. गोलावर एक चप्पल.

"अहो, आखणी पुसताय."

चप्पल अमोलची — आक्काबाईच्या मुलाची. दटावणारी तेजस्विनी. साल १९९८, आणि ही पाण्याची टाकी म्हणजे तिचं इंजिनिअर म्हणून पहिलं काम.

"किती उंच होणार?"

"पांडवलेण्यावरून ओळखू येईल एवढी."

"म्हणजे आमच्या आईचा कळस झाकला."

"टाकी हलणार नाही."

"मग मी पण नाही." तो गोलातच मांडी घालून बसला.

तिने हसू दाबलं... जेमतेम.

*

दुसऱ्या सकाळी ती दुर्बीण घेऊन मळ्यात हजर.

"हलणार नव्हती ना टाकी, मॅडम?"

"नाहीच. पण तिचे खांब गोलावर उभे राहणार. गोल जरासा फिरवला, तर दोन खांबांच्या मधून कळस दिसेल."

"आणि नाही दिसला तर?"

"तर या मळ्यात तोंड दाखवणार नाही."

"मग दिसलाच पाहिजे," तो म्हणाला, आणि उगाच झेंडूकडे बघत राहिला.

*

वर्षभर बांबू, फळ्या, सळया. कळस गायब. आक्काबाई अंदाजाने हात जोडायची. अमोल रोज साइटवर.

"तक्रार आहे, मॅडम."

"बोला."

तो शेवंतीचा पुडा पुढे करायचा.

*

सेंट्रिंग उतरलं. टाकी उभी — राखाडी, ताठ, आभाळात डोकं खुपसून. तेजस्विनीला तिकडे बघवेना. ती आक्काबाईचे हात बघत होती. ते वर आले... अडखळले... जुळले.

"देव्हाऱ्यात बसावा तसा बसलाय गं," आक्काबाई म्हणाली. "कुणी बांधली म्हणायची ही?"

"मी." तेजस्विनीची मानही टाकीसारखीच ताठ.

"आई, कुणी विचारलं तर सांग, आमच्या सुनेने बांधली," अमोल बोलून गेला. "म्हणजे — यांची हरकत नसेल तर..."

"हरकत आहे. आधी इंजिनिअर म्हणायचं. मग सून."

"लय ताठ हाय," आक्काबाई म्हणाली. "चालंल."

*

खांबांची दिशा ठरली त्या सकाळी नदीवर दाट धुकं होतं. तेजस्विनीला कळस दिसलाच नव्हता. अमोलने हात लांब करून "तिथं" म्हटलं, आणि तिने त्या बोटाच्या रोखाने दुर्बीण लावली.