एका श्वासाची सात घरं

भिंतीवरच्या पेटीनं तनुजाला मल्हार म्हणून हाक मारली तेव्हा तिची आई फुलाबाई चुलीवरचं दूध उतरवत होती.

"ये मल्हार. आज बीजगणित करायचं राहिलंय."

फुलाबाईनं दूध नीट खाली ठेवलं आणि मग घाबरली. तिचा क्रम कायम असाच. आधी नासाडी टाळायची, भ्यायचं नंतर.

"ही काय बोलतीया गं?"

"सकाळपास्नं असंच चाललंय," तनुजा म्हणाली. "मी तनुजा हाय म्हणून सांगितलं, तर म्हणते, मल्हार, तुझी नाडी वाढलीय, थोडं पाणी पी."

झोरेवाडा ही डोंगराच्या सड्यावरची, माथ्यावरच्या सपाटीवरची, सात घरांची वस्ती. हायस्कूल खाली, दोन तासांच्या उतारावर. दोन वर्षांपूर्वी सरकारनं इथं खांबावर थाळी बसवली आणि शिकणारं पोर असलेल्या प्रत्येक घरात, म्हणजे सातही घरांत, एकेक पांढरी पेटी भिंतीला लावली. थाळी उपग्रहाकडून इंटरनेट घेई, पेट्या ते घरात आणत. अट एकच होती. दर शनिवारी चाचणी, आणि तिच्या गुणांवर पुढच्या आठवड्याचा वेग. गुण चांगले तर हलतेबोलते धडे. वाईट तर पडद्यावर अक्षरं मुंग्यांसारखी एकेक करून यायची.

वाड्यानं यावर आपला जुना तोडगा काढला. पैरा. भातलावणीला आज सगळे तुझ्या शेतात, उद्या सगळे माझ्या. रोप कुणाच्या हातानं लावलं ते कुणी विचारत नाही. ज्याचं शेत त्याचं पीक. तनुजा हुशार. दर शनिवारी ती उरलेल्या सहा घरांत जाऊन त्या त्या पोराच्या नावानं चाचणी सोडवायची. बदल्यात फुलाबाईच्या म्हशी कुणी चारायचं, जळण कुणी आणायचं. कुणाकडं पैऱ्याचे किती फेरे निघतात ते फुलाबाईच्या डोक्यात पक्कं असे, आणि विसरणाऱ्याला ती चारचौघांत हसत हसत आठवण करून देई.

सुरुवातीलाच तिनं पेटी लावणाऱ्याला विचारून घेतलं होतं, "हिला डोळं हायत का?" तो म्हणाला होता, "नाही मावशी, कॅमेरा अजिबात नाही." तेवढ्यावर वाडा निर्धास्त झाला.

दुपारी तालुक्याहून सुतार नावाचा तंत्रज्ञ धापा टाकत वर आला. त्यानं ताक घेतलं, टॅबलेट उघडला आणि फुलाबाईला पेटीसमोर बसवलं. पडद्यावर एक रेघ हळूहळू वरखाली होऊ लागली.

"हा तुमचा श्वास. पेटीच्या लहरी अंगावर आपटून परत येतात. छाती केसभर हलली तरी कळतं. आता श्वास रोखा बघू."

तिनं रोखला. रेघ आडवी झाली. आपण मेल्यावर कसे दिसू, ते फुलाबाईला जिवंतपणी दिसलं.

"श्वास आणि नाडी मिळून प्रत्येकाची एक खूण होते," सुतार म्हणाला. "श्वासखूण. पेटी ज्याची चाचणी घेते, त्याची खूण लिहून ठेवते. काल जिल्ह्यात सगळ्या नोंदी एकत्र तपासल्या. तुमच्या वाड्यात नावं सात, खूण एक. म्हणून यंत्रणेनं एकच विद्यार्थी ठेवला. पहिली पेटी ज्या घरात बसली, तिथला."

"म्हणजे हौसाक्काचा मल्हार."

"हो. बाकी सहा दुबार म्हणून बंद. पाच लहान आहेत, त्यांचं पुढं निस्तरता येईल. पण दहावीला तनुजा आणि मल्हार, ही दोघं. आणि दहावीचा अर्ज पेटीच पाठवते. आज पाच वाजता."

एव्हाना मल्हारची आई हौसाक्का लेकाला घेऊन दारात आली होती. मल्हारची मान खाली.

"साहेब, उपाय सांगा की," ती म्हणाली.

"दोघांना शेजारी बसवा. पेटी ज्याला ओळखते, त्यालाच विचारेल की दुसरा कोण. तनुजानं 'हा मल्हार' म्हटलं की गाठ सुटेल. तिचं नाव, गुण तिला मिळतील. मल्हारच्या दोन वर्षांच्या चाचण्या मात्र रद्द. यंदा अर्ज नाही."

हौसाक्का उंबऱ्यावर टेकली. मग एकदम तिचा चेहरा उजळला.

"मग असं करू या फुला. शेजारी कोण म्हणून पेटीनं विचारलं, की तनुजानं म्हणायचं, ही तनुजा. आमचा पोरगा तुझ्या लेकीच्या नावानं बसंल, तुझी लेक आमच्या. दोन्ही अर्ज जातील. पैरा फिटला!"

सुतार हसला. ती थट्टा करत नाही हे कळल्यावर त्याचं हसू विरलं.

"अर्ज जातील," तो हळू म्हणाला. "मल्हार नावाची नोंद खोटी ठरत नाही, म्हणून पेटी दुसऱ्याचं बंद नाव नुसतं उघडून देईल. पण परीक्षेच्या बाकावरही पेटी असते. पुढं कॉलेजात, नोकरीत, दवाखान्यात. एकदा लिहिलेलं ती खोडत नाही. जन्मभर ही मल्हार राहील."

"अक्का, कुणाच्या नावानं जगायचं तिनं?" फुलाबाईनं विचारलं.

"नाव मोठं का पोराचं साल मोठं?" हौसाक्का म्हणाली. "तुझ्या पोटात ही आडवी झाली तवा तुला खाली दवाखान्यात न्यायला डोलीचा दांडा म्या खांद्यावर घेतला हुता. तवा विचारलं का, कुणाचं पोर म्हणून?"

फुलाबाईनं हे फेऱ्यांत कधी धरलं नव्हतं. आता धरायला गेली, तर त्याच्या तोडीचं देण्यासारखं तिच्याकडं काहीच सापडेना.

"आई, मी काय सांगू?" तनुजानं विचारलं.

आईनं घड्याळाकडं पाहिलं. पाचाला दहा मिनिटं कमी होती. मल्हार तनुजाच्या शेजारी येऊन बसला.

"माझ्यापायी तू खोटं बोलू नगंस," तो पुटपुटला. हौसाक्कानं त्याला डोळ्यांनीच गप्प केलं.

पेटीवरचा हिरवा ठिपका लुकलुकला. आवाज मऊ होता, आजारी पोराच्या उशाशी बसलेल्या माणसासारखा.

"मल्हार, तू घाबरला आहेस. तुझ्या शेजारी आणखी कुणीतरी आहे, तेही घाबरलंय. कोण आहे ते, सांगतोस का मला?"