सुतारकाकांचं वजन

माझा मावसभाऊ कॅन्सरचा डॉक्टर. भुताखेतांवर काडीचा विश्वास नसलेला माणूस. त्याच्या तोंडून ऐकलं तसंच सांगतो. दार तेवढं लोटून घ्या.

त्या मंगळवारी रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी तो वॉर्डातून खाली ओपीडीत निघाला. काम साधं होतं. मृत्यूच्या दाखल्याचे फॉर्म वर संपले होते, खालच्या कपाटात होते.

दाखला सुतारकाकांचा. त्यांना लिम्फोमा होता, मानेत आणि काखेत गाठी येणारा कॅन्सर. सहा डोसांत गाठी विरघळल्या, तेव्हा काकांनी खूश होऊन डॉक्टरला एक स्टूल करून दिलं होतं. वर्ष उलटायच्या आत गाठी परत. औषध बदललं, आणखी कडक दिलं. तीन महिन्यांत पुन्हा तेच. वाळवी आहे हो ही, काका हसून म्हणायचे, एका फळीतून काढली की दुसरीतून निघते.

शेवटी डॉक्टरने हात टेकले. याहून कडक औषध काकांना झेपलंच नसतं. पण मुलीने गळ घातली, बाबांना सांगू नका, हाय खातील. मग तो काकांना म्हणाला, "वजन जरा वाढू द्या, की पुढचा डोस देऊ."

काका इमानेइतबारे कामाला लागले. खाल्लेलं उलटून पडायचं. तोंड धुऊन पुन्हा ताटावर बसायचे. रोज सकाळी भिंत धरत ओपीडीत येऊन काट्यावर उभे राहायचे. डॉक्टर आकडा बघून फाईलमध्ये लिहायचा. रोज कमीच. असे सतरा दिवस. त्या रात्री दीडला गेले. डोळे डॉक्टरनेच मिटले.

तर, तो खाली आला. कपाट उघडलं. फॉर्म घेतले. वळला.

कोपऱ्यातल्या वजनकाट्यावर कुणीतरी उभं होतं.

अनवाणी. पाठमोरं. शर्टातून हाडं दिसत होती... ओळखीची.

"डॉक्टर, बघता का जरा? मला वाकवत नाही..."

 तरी गेला. रोज जायचा तसाच. वाकला.

सुई शून्यावर.

"किती?"

...

"वाढलंय, काका."

मग अगदी हळू,

"म्हणजे डोस... उद्या?"

भाऊ म्हणतो, खरं बोलायचं ओठापर्यंत आलं होतं रे. आता तरी कशाची भीती होती? पण तोंडातून निघालं, "हो. उद्या."

मान वर केली. काट्यावर कुणी नव्हतं.

तो कसाबसा वर आला. काकांची फाईल नर्सच्या टेबलावर होती. कुणी इकडे आलं होतं का, त्याने विचारलं. मी इथून हललेच नाही, ती म्हणाली, आणि फाईलला कुणी हातही लावला नाही.

दाखल्यासाठी त्याने फाईल उघडली. वजनाच्या रकान्यात सतरा आकडे. त्यांच्याखाली एक नवी ओळ.

वेळ, दोन वीस. वजन, शून्य.

अक्षर त्याचं स्वतःचं होतं.