तिसऱ्या अंकाची भीती

त्या काळात नाटकाच्या जाहिरातीत 'उत्कृष्ट अभिनय' असं कुणी छापत नसे. 'खरा संताप, खरी भीती' एवढं छापलं की प्रयोग हाउसफुल्ल होत. ही किमया नटांच्या कानामागे बसवलेल्या एका चकतीची होती. कागदोपत्री तिचं नाव भावोद्दीपक. नाटकवाले तिला टिकली म्हणत. प्रसंग आला की विंगेतला तंत्रज्ञ कळ दाबी, टिकली मेंदूतल्या भावनांच्या केंद्राला सूक्ष्म विद्युतस्पंद पाठवी आणि नटाला ती भावना खरोखरच होई.

सांगलीच्या शाल्मली आठल्येला टिकलीतून भीती मिळे. तिचा नवरा निरंजन नाटकातही तिचा नवराच होता. त्याला मिळे संताप. तिसऱ्या अंकात तो तिचा गळा आवळी. असे दोनशे शहाऐंशी प्रयोग झाले. मग एका सकाळी निरंजनने चहाचा कप पुढे केला आणि शाल्मली किंचाळून भिंतीला जाऊन भिडली.

"अगं, मी आहे!" तो म्हणाला.

तो होता म्हणूनच तर ती भिंत सोडत नव्हती. अकरा वर्षांच्या संसारात या माणसाने साधा आवाज चढवला नव्हता. हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि तरीही तळहातांना घाम फुटला होता.

मिरजेच्या मेंदूतज्ज्ञ डॉ. फातिमा मुजावर यांनी तिला तपासलं.

"शाल्मलीताई, भीतीचं केंद्र बदामाएवढं असतं. त्याला नाटक कळत नाही," त्या म्हणाल्या. "दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो ना? तुमचं तोंड दोनशे शहाऐंशी वेळा पोळलंय. दर वेळी समोर निरंजनरावांचाच चेहरा होता."

"म्हणजे माझी भीती खोटी आहे?"

"भीती खरी आहे. कारण खोटं आहे."

या वाक्याने तिला केवढा धीर आला! तिने नाटक कंपनीला कळवलं, टिकलीशिवाय काम करीन. कंपनीने करारावर बोट ठेवलं: टिकलीशिवाय प्रयोग म्हणजे करारभंग. शेवटी शाल्मली कामगार न्यायालयात गेली. ही कामावर झालेली इजा आहे, एवढंच तिचं म्हणणं होतं.

कंपनीचे वकील दाभोळे मृदू आवाजाचे गृहस्थ होते. "बायको घरात नवऱ्याला घाबरते," ते म्हणाले, "यात कंपनीचा काय दोष? नवरा मारत असेल."

निरंजन पांढराफटक पडला. डॉ. मुजावर साक्षीला उभ्या राहिल्या. शाल्मलीच्या अंगावर मारहाणीची एकही खूण नाही, ही भीती टिकलीनेच शिकवलेली आहे, असं त्यांनी आलेख दाखवून सांगितलं.

"म्हणजे टिकली जे देते ते मेंदू शिकतो, आणि ते घरीही सोबत येतं?" दाभोळ्यांनी विचारलं.

"हो."

"मग निरंजनरावांचा संताप? तोही दोनशे शहाऐंशी वेळा दिलाय. समोर शाल्मलीताईंचाच गळा होता. तो घरी येणार नाही, असं शपथेवर सांगाल?"

डॉक्टरांनी आलेख खाली ठेवला. न्यायाधीशांनी उत्तर मागितलं तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "त्यावर अजून कुणी अभ्यास केलेला नाही."

शाल्मलीने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. तो स्वतःच्या हातांकडे बघत होता.

दाभोळ्यांनी कंपनीला वाचवायला टाकलेला तो प्रश्न कंपनीवरच उलटला: टिकलीने शिकवलेलं घरी येतं, हे त्यांनीच त्यातून मान्य केलं होतं. इजा कामावरचीच आहे, असा निकाल लागला. दोघांच्याही टिकल्या काढल्या गेल्या. मात्र मेंदू जे शिकला ते काढण्याचा आदेश कुठलं न्यायालय देणार?

निकालानंतरच्या रविवारी, भर दुपारी निरंजन लोखंडी कडी आणि चार स्क्रू घेऊन आला आणि आतल्या खोलीच्या दाराला कडी बसवू लागला.

"हे कशाला?" तिने दूर उभं राहून विचारलं.

"तुझ्यासाठी. आतून लावायला."

"निरंजन, काही झालंय का?"

त्याने हातातला स्क्रू पिळून बसवला. "गेल्या मंगळवारी तू भाजी चिरत होतीस. तुझी मान दिसली मला. काही कारण नव्हतं, शाल्मली. काही म्हणजे काही नव्हतं. मी बाहेर निघून गेलो."

मंगळवारी विळीवर बसलेली असताना तिच्या अंगावर सरसरून काटा आला होता. कारण खोटं आहे, असं म्हणत तिने वळूनही पाहिलं नव्हतं. आता पुढच्या वेळी अंगावर काटा आला तर त्यातली शिकवलेली भीती कुठली आणि सावध करणारी कुठली, हे तिला कोण सांगणार होतं?

"आत जा, कडी लाव," तो म्हणाला. "मी ढकलून बघतो, टिकते का."

ती आत गेली. कडी घातली. त्याने दार ढकललं. कडी हलली नाही.

"घट्ट आहे," ती म्हणाली. "बास."

त्याने पुन्हा ढकललं. या वेळी खांद्याने.

"निरंजन, बास म्हटलं ना!"

दार पुन्हा हादरलं, आणि चौकटीतला वरचा स्क्रू किंचित बाहेर आला.