दह्यात किती जंतू चालतील?

कावेरीआजी गेल्याचा निरोप चांद्रवस्तीच्या दवाखान्यातून आला, तेव्हा जुईचे आजोबा आजीची शाल घेऊन दाराशी उभे होते. मोडांच्या गार कोशिंबिरीतले जंतू आजीच्या रक्तात शिरले होते. आजोबा, म्हणजे डॉक्टर वामनराव टिळेकर, वस्तीचं अन्न तपासणारे शास्त्रज्ञ. त्यांनी शाल खाली ठेवली आणि दक्ष नावाच्या यंत्रमानवाला हुकूम दिला, यापुढे कुठल्याही अन्नात एकही जंतू चालणार नाही.

यंत्रमानवाला दुःख कळत नाही, हुकूम कळतो. दक्षनं पापड फेकले, नाचणीचं पीठ फेकलं, ताक ओतून दिलं. वस्ती पोषणाच्या गोळ्यांवर आली, पण आजोबांसमोर बोलणार कोण? शेवटी दक्ष विरजणाकडे वळला. आजीनं ते पृथ्वीवरून आणून रोज नव्या दुधात जिवंत ठेवलं होतं. ते गेलं, की चंद्रावर पुन्हा दही लागणार नव्हतं.

जुई भांडं पोटाशी धरून बसली.

"आजोबा, दह्यात कोट्यवधी जंतू असतात, असं तुम्हीच शिकवलंत. मग आपण इतकी वर्षं जगलो कसे?"

"हुकूम शून्याचा आहे," दक्ष म्हणाला.

"तू गप रे, डबड्या," जुई ओरडली.

आजोबांनी दक्षला हातानं थांबवलं. मग तिच्याशेजारी जमिनीवर बसले. दह्यातले जंतू दूध आंबवतात, माणसाला त्रास देत नाहीत, ते सांगू लागले. म्हणून आधी विचारायचं, जंतू कोणता? मग पिठातले वाईट जंतू का चालायचे, असं जुईनं विचारलं. तर पीठ कोरडं, तिथे ते वाढत नाहीत, आणि भाकरी नीट भाजली की मरतात. कोशिंबीर मात्र ओली आणि कच्ची. काही जंतू थंड कपाटातही वाढत राहतात. शिवाय खाणारा कोण, तेही पाहायचं. जुईला जे सोसेल, ते नुकत्याच आजारातून उठलेल्या आजीला सोसलं नाही.

"म्हणजे उलटं मोजायचं," जुई म्हणाली. "खाताना किती जंतू चालतील ते आधी ठरवायचं, मग शिजवताना किती, साठवताना किती, असं मागे मागे कोठारापर्यंत."

आजोबांनी मान हलवली. यालाच जोखमीवर (इजा होण्याची शक्यता आणि ती इजा किती मोठी, यावर) आधारलेली मर्यादा म्हणतात. शून्याची खात्री तर कोणीच देऊ शकत नाही. सगळं अन्न तपासण्यात संपवलं, तर खायचं काय? तपासायचा तो नमुना (थोडासा भाग), आणि उरलेल्या अन्नात एकही जंतू नाही, हे नमुना सांगू शकत नाही.

"मला शून्य हवं होतं," ते हळूच म्हणाले, "कारण मला ती परत हवी होती."

जुईनं त्यांचा हात धरला. मग दोघांनी मिळून दक्षला प्रत्येक पदार्थाची वेगळी मर्यादा शिकवली. नवं पीठ पास झालं, विरजण पास झालं. ओल्या खोबऱ्याची चटणी मात्र दक्षनं अडवली, आणि तपासलं तर तिच्यात खरोखरच घातक जंतू वाढत होते. एवढे दिवस सगळंच फेकणाऱ्या यंत्रानं आता नेमका धोका पकडला होता. बातमी वस्तीभर झाली. लोक पेले घेऊन धावत आले, ताक घुसळलं गेलं, आणि पहिला पेला आजोबांनी उभ्या उभ्या रिकामा केला.

पुढच्या महिन्यात चंद्रावर पहिलं बाळ जन्माला येणार आहे. अशा बाळाला किती जंतू सोसतील, हे अजून कोणालाच माहीत नाही. ती मर्यादा ठरवायची राहिली आहे.