एम मोकळा नाही

वॉरन पायबस त्या शुक्रवारी भावजयीकडे गेला तो कॅमेऱ्यातलं एक कार्ड तिच्या कॉम्प्युटरवर उघडून द्यायला. काम पाच मिनिटांचं. टास्मानियाच्या दक्षिण टोकाला जूनमध्ये ऐन हिवाळा, पाचच्या आतच अंधारून येतं, म्हणून तो तीनलाच निघाला. गाडीत मागे तिच्या शेगडीसाठी लाकडं टाकली होती.

रविवारी क्लाइव्हची स्मरणसभा होती. क्लाइव्ह म्हणजे वॉरनचा थोरला भाऊ आणि डोरीनचा नवरा. समुद्राच्या तळाशी उतरून खडकांना चिकटलेले ॲबलोनी शिंपले काढणारा पाणबुड्या. मागच्या ऑगस्टात बोट सापडली, हवेची नळी सापडली, क्लाइव्ह सापडला नाही. पुरायला काही नव्हतं, म्हणून डोरीनने दहा महिने सभाच होऊ दिली नाही. आता कबूल झाली ती एका अटीवर. त्या कार्डावर क्लाइव्हच्या साठाव्या वाढदिवसाचं चाळीस सेकंदांचं चित्रण होतं, त्यात तो बोलत होता. तो आवाज सभेत ऐकवायचा. त्याचा आवाज दुसरीकडे कुठेही उरलेला नव्हता.

"कार्ड घालते, पण ते दिसतच नाही," डोरीन म्हणाली. "तुझ्या भावाचे उपद्व्याप."

उपद्व्याप खरेच. क्लाइव्ह शिस्तीचा, म्हणजे घरच्यांना नकोसं होईल इतका शिस्तीचा. दारामागे ज्याचा कोट त्याच्याच खुंटीवर, तसं कॉम्प्युटरला जोडायच्या प्रत्येक वस्तूला त्याने कायमचं अक्षर देऊन टाकलं होतं. डोरीनच्या पाककृतींचा पेनड्राइव्ह एच, नातवंडांचे फोटो के. एम त्याचं स्वतःचं: आपण किती खोल गेलो याची नोंद ठेवणारं आगपेटीएवढं यंत्र तो पाण्यात कमरपट्ट्याला लावायचा आणि रोज संध्याकाळी घरी येऊन जोडायचा. ज्याला अक्षर नाही, त्याला त्या कॉम्प्युटरमध्ये थारा नाही.

"एखादं देऊन टाकतो," वॉरन म्हणाला. "एक्स देऊ?"

डोरीन म्हणाली, "एम दे. त्याचा आवाज आहे, त्याच्याच अक्षरावर जाऊ दे."

वॉरनने एम निवडलं. कॉम्प्युटरने कळवलं: एम वापरात आहे.

त्याने वाकून मागेपुढे पाहिलं. जोडलेलं काहीच नव्हतं. यंत्र तर क्लाइव्हबरोबरच गेलेलं.

"जुनी नोंद अडकली असेल," तो म्हणाला. हे अक्षर काढून घेतलं तर वापरणाऱ्याचं काम मध्येच तुटेल, काढायचं का, असं कॉम्प्युटर विचारत होता. वॉरनने हो म्हटलं आणि एम कार्डाला दिलं.

त्याच क्षणी एक काळी चौकट उघडली. पांढऱ्या ओळी सरसर वर गेल्या आणि चौकट मिटली.

डोरीनचा चेहरा उतरला. "एमवर काही आलं की त्यातल्या नोंदी कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायच्या आणि ती वस्तू पुसून कोरी करायची, असं त्याने बसवून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी यंत्र रिकामं हवं म्हणून... मला माहीत होतं रे हे. कसं विसरले मी?"

कार्ड रिकामं होतं.

"उतरवून घेतलंय ना? मग असेल इथेच." वॉरनने घाईघाईने कॉम्प्युटरमधला क्लाइव्हचा कप्पा उघडला. चित्रण तिथेही नव्हतं. उतरायच्या त्या फक्त खोलीच्या नोंदी, आणि त्याच तिथे होत्या. ऑगस्टच्या तेवीस तारखेला, क्लाइव्ह गेला त्या दिवशी, त्या संपायला हव्या होत्या, पण यादी खाली सरकतच राहिली. सप्टेंबर, ऑक्टोबर, नाताळ. रोज एक.

त्याने सप्टेंबरातली एक उघडली. सत्तावीस मीटरवर दिवसभर सरळ रेघ. डिसेंबरातही तीच.

"त्या यंत्राची बॅटरी चार दिवससुद्धा टिकायची नाही," डोरीन हळूच म्हणाली.

मार्चपासून रेघ वर येऊ लागली होती. सव्वीस... एप्रिलमध्ये एकोणीस... मागच्या आठवड्यात तीन. शेगडी चांगली पेटलेली होती, तरी खोलीत किनाऱ्यावर कुजणाऱ्या शेवाळाचा वास येत होता. केव्हापासून, ते वॉरनला सांगता आलं नसतं.

"इतके महिने... कशाला लागले?" त्याने विचारलं, आणि विचारल्याचा त्याला लगेच पश्चात्ताप झाला.

"सावकाशच वर यायचं असतं. घाई केली की पाणबुड्या मरतो." डोरीनच्या आवाजात भीती नव्हती. आशा होती, आणि वॉरन घाबरला तो त्या आशेला.

आजची नोंद तिनेच उघडली. तीनच्या सुमारास शून्य. मग उणे चार, उणे नऊ, उणे चौदा. पाणी सोडून वर, जमिनीवर.

"हे घर समुद्रापासून किती उंच आहे?"

वॉरनने भावाबरोबर याच टेकडीवर पाण्याची नळी टाकली होती. आकडा त्याला पाठ होता. "अठरा..."

रेघ उणे सतरावर तुटली होती. चार वाजून बारा मिनिटं. एम काढून घ्यायला त्याने हो म्हटलं ती वेळ.

"त्याचं अक्षर त्याला परत दे, वॉरन."

"डोरीन, नको. ऐक माझं..."

तिने हात घातला आणि कार्ड उपसून काढलं. पडद्यावर काही वेळ काहीच हललं नाही. मग रेघ एक घर पुढे सरकली. उणे अठरा. तिथून पुढे ती सरळ चालू लागली.

दारावर थाप पडली नाही. बाहेर पावलंही वाजली नाहीत. "तू आता घरी जा," डोरीन म्हणाली, आणि वॉरन गेला. त्याची त्याला आजही लाज वाटते. लाकडं गाडीतच राहिली.

शनिवारी सकाळी तिचा फोन आला. सभा रद्द कर म्हणाली, सगळ्यांना कळव म्हणाली. आवाज अगदी आनंदी. वॉरन काही विचारणार, तोच तिच्या मागून कुणीतरी विचारलं, "कोण आहे गं?"

"तुझा भाऊ," ती त्या माणसाला म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

तो आवाज क्लाइव्हचा नव्हता. वॉरन हे शपथेवर सांगायला तयार आहे. पण डोरीनला ते पटवायचं कशाच्या जोरावर? ताडून पाहायला ती चाळीस सेकंदं आता कुठेच नाहीत.