वापराची परवानगी

गोपीनाथ देवस्थळे ताकच काय, पाणीसुद्धा फुंकून पिणारे. भोपाळच्या एका सरकारी कारखान्यात तेहतीस वर्षं ड्राफ्ट्समन होते, पण दुसऱ्याने घेतलेल्या मापावर त्यांनी कधी रेघ मारली नाही. त्यामुळे निवृत्तीनंतर सहा वर्षांनी, एका दुपारी हेमंत नावाचा तरुण त्यांच्या कोटरा सुल्तानाबादच्या घरी आला आणि पंख्याखाली बसायच्या आत गोड बोलू लागला, तेव्हा त्यांच्या मनात पाल चुकचुकली.

कारखान्याने आपला डिझाइन विभाग महाराणा प्रताप नगरातल्या एका कंपनीला दिला होता. सगळ्या नकाशांचे मालकी हक्क कंपनीच्या नावे झाले होते. एकच अडला होता, वसाहतीतल्या ई टाईप क्वार्टरचा. तो काढला तेव्हा गोपीनाथराव नोकरीत नव्हते, बाहेरून कंत्राटावर काम करत होते, आणि हक्क लिहून द्या असं त्यांना कुणी म्हटलंच नव्हतं. म्हणजे कायद्याने नकाशा अजून त्यांचाच होता.

ते क्वार्टर पाडायला निघालेत, मग नकाशाचं लोणचं घालणार का, असं त्यांनी विचारून पाहिलं. रेकॉर्ड कम्प्लीट पाहिजे, एवढंच हेमंत म्हणाला. बोलताना त्याची नजर भिंतींवरून फिरत होती, घर विकत घ्यायला आलेल्या माणसासारखी.

"काका, हे मकानही त्याच नकाशावरचं आहे ना?"

होतं. आणि त्याला कारण होतं. क्वार्टरमध्ये असतानाच काचबिंदूने कमलिनीबाईंची नजर गेली होती. पण तीस वर्षं वावरलेलं घर त्यांच्या पायांना पाठ होतं. खाटेपासून ओट्यापर्यंत अकरा पावलं, तिथून न्हाणीघरापर्यंत सात. निवृत्तीनंतर गोपीनाथरावांनी तेच क्वार्टर इथे इंच न् इंच पुन्हा बांधलं. कमलिनीबाई काठीशिवाय फिरत, स्वतः फोडणी घालत आणि कुणी हात धरायला आलं की चिडत. ती चिडचिड ऐकून गोपीनाथरावांना फार बरं वाटे.

उद्या कंपनीने या घरावर बोट ठेवलं तर? नाकासमोर चालणारा माणूस अशा विचाराने घाबरतो. सही करा, या घरासाठी एक कलम घालू, असं हेमंतने सुचवलं. करारनामा त्यांनी आठ दिवस ठेवून घेतला, भिंगातून वाचला. चौथ्या पानावर कलम होतं: मूळ आरेखकास सदर नकाशाप्रमाणे बांधलेल्या घराचा वापर करण्याची परवानगी राहील. त्यांनी सही केली.

तिसऱ्या दिवशी सकाळी कमलिनीबाईंचं कपाळ भिंतीवर आपटलं.

"नवव्या पावलालाच भिंत आली," त्या म्हणाल्या.

गोपीनाथरावांनी टेप लावला. सूतभरही फरक नव्हता. वय झालं, असं म्हणून त्यांनी हळद लावली. दुसऱ्या दिवशी कमलिनीबाईंचा हात ओट्याऐवजी पेटत्या शेगडीवर पडला. मग त्या भिंत धरून चालू लागल्या, आणि आठवडाभरात खाटेवरून उठेनाशा झाल्या.

"हे घर मला ओळखत नाही हो," एका दुपारी त्या म्हणाल्या. "पाऊल टाकलं की सरकतं."

गोपीनाथरावांना गलबलून आलं. त्या झोपल्यावर ते खाटेशी उभे राहिले, डोळे मिटून चालले. अकराव्या पावलाला हात बरोबर ओट्यावर पडला. त्यांनी पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच.

मग त्यांनी चौथं पान काढलं. मूळ आरेखकास. एकाच माणसाचा उल्लेख होता. मनात आलेल्या विचाराची त्यांना लाज वाटली, पण सकाळी शेजारणीला कमलिनीबाईंकडे लक्ष ठेवायला सांगून त्यांनी मिनीबस पकडली आणि कंपनीचं ऑफिस गाठलं.

त्यांना बघून हेमंतला जराही नवल वाटलं नाही. पत्नीचं नाव कलमात घाला, असं गोपीनाथरावांनी सांगितलं. का, ते त्याने विचारलं नाही.

"परमिशन एकच असते, काका. तुमची आहे, ती काकूंच्या नावे करून टाका."

त्याने खणातून कागद काढला. तो टाईप होऊन तयार होता. त्यावर कमलिनीबाईंचं नाव होतं, आणि कंसात माहेरचंही, जे गोपीनाथरावांनी या ऑफिसात कधीच सांगितलं नव्हतं. त्यांचा हात थांबला.

"मग माझं काय?"

"तुम्हाला तर दिसतं ना, काका," हेमंत म्हणाला.

कपाळावरचं ते टेंगूळ आठवलं आणि गोपीनाथरावांनी सही केली.

चारच्या उन्हात ते परतले. दार उघडंच होतं. फाटकातूनच त्यांना दिसलं, कमलिनीबाई भिंत न धरता झपझप ओट्याकडे गेल्या आणि डबा काढून परत फिरल्या. किती दिवसांनी! गोपीनाथरावांचे डोळे भरून आले. ते घाईने फाटक ओलांडून दाराकडे निघाले.

फाटक ते दार, सहा पावलं.

सहा झाली. सात झाली.

दार होतं तिथेच होतं. फरशीतली फट दिसत होती, दाराचा रंग दिसत होता.

वीस झाली.

त्यांनी मागे पाहिलं. फाटक हाताच्या अंतरावर होतं.

"कमल!" त्यांनी हाक मारली.

कमलिनीबाईंनी मान वर केली. पदराला हात पुसत त्या दारात आल्या आणि हसल्या.

"आलात? या, चहा टाकते."

त्या बाजूला सरल्या. गोपीनाथराव अजून फाटकापाशीच होते. उंबऱ्याशी कुणीतरी चपला काढल्या, आणि आत खुर्ची ओढल्याचा आवाज झाला.